एकोणीस ते तेहेतीस

कवळ्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे मागून फूटपट्टी म्हणायचे. समोर मात्र बाई. हजेरी, पगार, भरती, रजा, दातांच्या डॉक्टरांकडे जाणारी बिलं, ऑफिसचं सगळं तीच बघायची. कुणी पाच मिनिटं उशिरा आलं तर पाचच लिहायची, चार नाही आणि सहाही नाही. आपलं टोपणनाव तिच्या कानावर आलं होतं आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडायचं. लोक माणसाला घुबड म्हणतात, म्हैस म्हणतात. त्यापेक्षा फूटपट्टी शंभरपट बरं.

पण फूटपट्टीच वाकडी असली तर तिने मारलेली रेघ सरळ आहे की नाही, हे तपासायचं कुणी? अकरा वर्षं कुणी तपासलं नव्हतं. मग एक नवा नियम आला.

नियम तसा साधा. नोकरीची जाहिरात द्यायची तर पगार लिहायचा. 'योग्यतेनुसार' चालणार नाही, 'चर्चेअंती' चालणार नाही. किती ते किती, सरळ आकडे टाका, नाहीतर दंड भरा. मालकांचा चष्मा नेहमीप्रमाणे घरी राहिला होता. त्यांनी तो कागद नाकाला लावून वाचला आणि तिच्या टेबलावर टाकला.

"घ्या. आता पगारही चव्हाट्यावर मांडा. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, हे या लोकांना घरात कुणी शिकवलेलं दिसत नाही."

"कुठल्या जागेची जाहिरात टाकायची?" तिने विचारलं.

"दात बसवणाऱ्याची, दुसरी कुठली? एकट्या धाकटीच्या जिवावर किती दिवस रेटणार? सव्वीस हजार ते तेहेतीस लिहा. सव्वीसच्या खाली आजकाल कुणी दारातसुद्धा उभं राहत नाही."

मालक गेले. फूटपट्टीची बोटं कीबोर्डवर ठेवल्या जागी राहिली. धाकटी म्हणजे तिची सख्खी नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण. घरातलं नाव कारखान्यातही चिकटलं होतं. मेणात एकेक दात बसवून कवळी उभी करायचं काम धाकटी अकरा वर्षं करत होती आणि तिचा पगार होता एकोणीस हजार.

हे कसं झालं ते ऐका. अकरा वर्षांपूर्वी धाकटीच्या नवऱ्याचं दुकान बुडालं. पदरात दहा वर्षांची मुलगी. पण धाकटीचा हात बारीक कामाचा. माहेरी घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं, चिमटा आणि भिंग हीच तिची लहानपणची खेळणी. फूटपट्टीनेच तिला मालकांसमोर उभं केलं. मालकांनी मेण दिलं, दात दिले, एक जुना साचा दिला. तासाभराने त्यांनी ती कवळी उजेडात धरली आणि म्हणाले, "चौदा हजारांवर घ्या हिला."

तेव्हा फूटपट्टी काय म्हणाली? म्हणाली, "चौदा नको, दहा पुरेत. माझी नणंद आहे. उद्या लोक म्हणतील, बाईने आपलं माणूस आत घातलं आणि वर पगारही दणदणीत लावला."

कुणी विचारलं नव्हतं, कुणी सुचवलं नव्हतं. जगात आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असतं. हिने आपल्याच माणसाला कार्टं ठरवलं आणि वर कॉलर ताठ केली. मालक तिच्याकडे बघतच राहिले. "अशी माणसं दिवा घेऊन शोधली तरी मिळत नाहीत," असं त्यांनी चारचौघांत सांगितलं आणि सहा महिन्यांत अख्खं ऑफिस तिच्या हातात दिलं. वेगळी खोली, वेगळी खुर्ची, वेगळा पगार. म्हणजे नणंदेच्या ताटातलं काढलं आणि शाबासकी स्वतःच्या ताटात वाढून घेतली.

तिला वाटलं होतं, वर्षभराने गुपचूप वाढवून घेऊ. पण वाढवायचं म्हटलं की का वाढवायचं ते सांगावं लागतं. ते काही जमलं नाही. दरवर्षी सगळ्यांना सारखीच टक्केवारी मिळायची, त्यामुळे धाकटीचा पगार वाढत गेला तसा तिच्या वाट्याचा खड्डाही रुंद होत गेला.

आणि धाकटी? ती जन्माची ऋणी. पहिल्याच दिवशी फूटपट्टीने तिला बाजूला घेऊन बजावलं होतं, "इथे मला वहिनी म्हणायचं नाही. सगळे बाई म्हणतात, तूही बाई म्हणायचं. काम म्हणजे काम."

"बरं, वहिनी," धाकटी म्हणाली होती.

ते तिला इतकी वर्षं जमलं नाही. दोन-चार वेळा प्रयत्न केला, जीभ अडखळली, हसू आलं, सोडून दिलं. कारखान्याच्या या टोकाहून त्या टोकाला हाक जायची, "वहिनी, मेण संपलं हो." पॉलिशवाले काका तिची नक्कल करायचे. नव्या माणसाला धाकटी आवर्जून सांगायची, "आमच्या घरची चूल वहिनींमुळे पेटते." फूटपट्टी मग भाचीला दप्तर घेऊन द्यायची, पुस्तकं घेऊन द्यायची, थंडीचा कोट घेऊन द्यायची. पोतं उचलून न्यायचं आणि पसाभर परत ठेवून आशीर्वाद घ्यायचे, असा तो कारभार. तिला हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणून तर दर वेळी कोट जरा जास्तच महागाचा घेतला जायचा.

तर आता ती पडद्यासमोर बसली होती. तिने 'सव्वीस ते तेहेतीस' असं लिहिलं. ही जाहिरात पाण्याच्या नळाशेजारच्या फळ्यावर लागणार होती. धाकटी दिवसातून सहा वेळा तिथे पाणी प्यायला जायची. काल शाळा सोडून आलेल्याला सव्वीस आणि आपल्याला एकोणीस, हे ती पहिल्याच घोटाला वाचणार होती.

तिने सव्वीस खोडलं आणि तिथे एकोणीस लिहिलं. नियमात किती ते किती लिहा म्हटलंय, मधलं अंतर किती असावं ते कुठे म्हटलंय? झालं. एकोणीस आकड्यांच्या आत आलं, म्हणजे धाकटीही आत आली. मालकांनी न वाचता सही ठोकली. "तुम्ही बघितलंय ना? मग मी काय बघायचं," असं म्हणाले.

जाहिरात लागली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत फळ्यापुढे गर्दी. जिथे नवऱ्याला बायको पगार सांगत नाही तिथे भिंतीवर आकडे बघायला मिळतात म्हटल्यावर कोण सोडतो? सगळ्यांत शेवटी धाकटी आली. बोटांना मेण लागलेलं, ओठ हलवत तिने कागद दोनदा वाचला आणि तशीच ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली.

"वहिनी, हे एकोणीस कुणाला?"

फूटपट्टीने फाईल उघडली. "अनुभव बघून, हात बघून ठरतं ते."

"आणि तेहेतीस?"

"ज्याचा हात चांगला त्याला."

"अस्सं," धाकटी म्हणाली. थोडं हसली. "म्हणजे अकरा वर्षं झाली आणि मी अजून पहिल्याच पायरीवर. माझं काम इतकं वाईट असेल असं वाटलं नव्हतं मला."

आणि ती पाणी न पिताच जागेवर परत गेली.

फूटपट्टीने सगळी तयारी करून ठेवली होती. धाकटी भांडेल, 'मला फसवलंत' म्हणेल, त्यावर काय बोलायचं हे तिने पाठ करून ठेवलं होतं. पण धाकटीने तिच्यावर बोट ठेवलंच नाही, स्वतःच्या हातावर ठेवलं. एक आकडा खोटा लिहिला आणि त्याने नणंदेची होती नव्हती ती एकच मिळकत पोखरायला घेतली. धाकटीकडे दुसरं होतं तरी काय? हातावर विश्वास होता, तेवढाच.

त्या दिवसापासून धाकटी बिघडली. कवळी झाली की ती लोखंडी जबड्यात बसवतात, मध्ये निळा कागद ठेवतात आणि जबडा मिटवून बघतात. जो दात उंच राहिला त्यावर निळा ठिपका उठतो, तेवढा घासला की काम झालं. धाकटी हे एकदाच करायची, कारण दुसऱ्यांदा करायची गरजच पडत नसे. आता ती पाच-पाच वेळा करू लागली. ठिपका नसला तरी शोधायची. एक दिवस तिने पॉलिशवाल्या काकांना गाठलं.

"काका, खरं सांगा. माझं काम ओबडधोबड असतं का?"

"तुझ्या कवळ्या माझ्याकडे येतात तेव्हा मला वाटतं, हिने माझी नोकरी घालवायची ठरवलेली दिसते," काका म्हणाले.

धाकटीला वाटलं, बिचारे मन राखायला बोलतायत. पुढच्या आठवड्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या कवळीचे पुढचे दात तिने चार वेळा काढले आणि चार वेळा बसवले. शेवटी मेणच फुटलं. कवळी दोन दिवस उशिरा गेली आणि डॉक्टरांचा फोन आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"धाकटीला झालंय तरी काय?" मालकांनी विचारलं.

"काही कळत नाही," फूटपट्टी म्हणाली.

खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगाच नाही. तिचं जेवण गेलं, झोप गेली. घरी नवरा कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाला, "धाकटी आली होती. म्हणत होती, वहिनींनी सांभाळून घेतलं म्हणून इतकी वर्षं टिकले, नाहीतर माझ्या हातात आहे काय? बघ, माझी बहीण तुला किती मानते ते." एवढं बोलून त्याने तिचीच साडी नीट घडी करून तिच्या हातात दिली. सांगायचं तर तेव्हा सांगता आलं असतं. जागा भरली की सांगू, असं तिने ठरवलं. ठरवायला काय, अकरा वर्षं ती ठरवतच होती.

अर्ज सात आले. सातवा भाचीचा.

भाची आता एकवीस वर्षांची होती. कारखान्यातून बाद झालेले साचे धाकटी घरी न्यायची आणि स्वयंपाक आटोपला की ओट्यावरच मायलेकी दात बसवत बसायच्या. मुलाखतीला भाची एक पत्र्याचा डबा घेऊन आली. आत कापसात गुंडाळलेली कवळी. मालकांनी ती जबड्यात बसवली, निळा कागद ठेवला, खटखट केलं, कागद काढला. आज चष्मा आणलेला होता.

"कुणी शिकवलं?"

"आईने."

"वाटलंच." मालक खूश होते. "बाई, बाकीच्या सहा जणांना नाही म्हणून कळवा. बोल पोरी, पगार किती हवा?"

भाचीने एकदा मामीकडे बघितलं. "एकोणीस."

मालक हसले. "एकोणीस कुठून काढलंस? आपण तर सव्वीसपासून लिहिलंय."

"बाहेर एकोणीसच लिहिलंय," भाची म्हणाली. "आई म्हणाली, तुझा हात माझ्याकडून आलाय, तेव्हा माझ्याएवढंच माग. आपला हात एवढ्याचाच. जास्त मागून मामीला अडचणीत आणू नकोस."

मालकांनी टेबलावरची जाहिरात ओढून वाचली आणि फूटपट्टीकडे बघितलं. माणूस वाईट नव्हता. त्याने लगेच वाटही काढून दिली.

"टायपिंगची चूक दिसते. बाईंच्या हातून पहिलीच. असू दे, माणूस आहे. दुरुस्त करून टाका."

इतकं सोपं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण समोर भाची बसली होती, कापसाचा बोळा मुठीत धरून, आणि तिच्या अंगावर मामीने घेऊन दिलेला कोट होता. आई चुकीचं शिकली ते लेकीपर्यंत पोचलं होतं. फूटपट्टीला वाटलं, आत्ता बोललं नाही तर ही पोरगी आयुष्यभर, कुठल्याही दारात, आपली किंमत खालचीच सांगेल.

"चूक नाही," ती म्हणाली. "मी मुद्दाम लिहिलं."

मग तिने सगळं सांगितलं. चौदाचे दहा कुणी केले, का केले, त्याबद्दल स्वतःला काय मिळालं आणि एकोणीस कशासाठी लिहिलं. रडली नाही. हजेरीपट वाचावा तसं सांगितलं, कारण थांबली असती तर पुढचं आलं नसतं.

मालकांनी चष्मा काढून ठेवला. "तो आकडा दरवर्षी माझ्याही डोळ्यांखालून जायचा," ते हळू म्हणाले. "स्वस्तात मिळतंय तर आपण कशाला तोंड उघडा, असं म्हणायचो. पण सुरुवात तुमची, बाई."

"हो, माझीच. आजपासून तिला तेहेतीस करा. आणि माझी वाढ थांबवा."

"तुमची थांबवून तिला काय मिळणार? आणि तेहेतीस, एका दमात?"

"तिच्याएवढा हात दुसऱ्या कुणाचा आहे, ते तुम्हीच सांगा."

मालकांनी एकदा कवळीकडे बघितलं. मग त्यांनी कोरा कागद ओढला, दोघींचे आकडे लिहिले, आईचे तेहेतीस आणि मुलीचे सव्वीस, आणि खाली सही केली. या खेपेला वाचून केली.

भाचीने डबा बंद केला. तिचा आवाज चढला नाही. "मामी, तो दोन वर्षांचा कोर्स आठवतो? फीसाठी आई तुमच्याकडे आली होती."

"आठवतो."

"तुम्ही अर्धी दिलीत. आई घरी येऊन रडली होती, वहिनी किती करतात आपल्यासाठी म्हणून. उरलेली अर्धी जमली नाही. म्हणून मी गेले नाही."

फूटपट्टीला मनापासून वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. पण जमीन असल्या कामाला कधी येत नाही. ती उठली.

"आईला मी सांगू?" भाचीने विचारलं.

"नको. माझं मीच सांगते."

जाताना तिने फळ्यावरची जाहिरात काढून घेतली. धाकटी खाली मान घालून बसली होती, समोर जबडा, शेजारी निळ्या कागदांचा चुरगळलेला ढीग. पलीकडे पॉलिशचं यंत्र घरघरत होतं, म्हणून फूटपट्टीला आवाज मोठा करावा लागला, आणि नेमकं त्याच वेळी काकांनी यंत्र बंद केलं.

"तुला चौदा मिळत होते. मी दहा केले."

अख्ख्या कारखान्याने ऐकलं. आता आवाज खाली आणण्यात काही अर्थ नव्हता.

"मालक चौदा म्हणाले होते. लोक मला नावं ठेवतील म्हणून मी तुझे कापले. त्यावर मला मोठी खुर्ची मिळाली. हे एकोणीसही मीच लिहिलं, माझं उघडं पडू नये म्हणून. खरं सव्वीसपासून आहे. तुझ्या हातात काही खोट नव्हती. खोट माझ्यात होती."

धाकटीच्या हातातली मेणाची सुरी तशीच राहिली. ती वहिनीच्या तोंडाकडे बघत होती, नीट ऐकू न आल्यासारखी. मग तिने विचारलं, ते पैशांबद्दल नव्हतं.

"म्हणजे माझे दात बरोबर बसतात?"

"पहिल्या दिवसापासून."

"त्या म्हाताऱ्या गृहस्थांचे पण?"

"तू ते पहिल्यांदा बसवलेस तेव्हाच बरोबर होते."

धाकटीच्या चेहऱ्यावरचं कितीतरी दिवसांचं ओझं उतरलं. तिने डोळे मिटले, श्वास सोडला, अगदी हसलीसुद्धा. ते हसू बघून फूटपट्टीच्या मनात आलं, सुटले. बायकांच्या जातीला आणि घरच्या माणसाला माफ करायची सवयच असते, असलं काहीतरी तिच्या मनात येऊन गेलं.

धाकटीने समोरची कवळी जबड्यात बसवली. निळा कागद ठेवला, जबडा मिटवला, बघितलं. एकदाच. मग कवळी तयार मालाच्या ट्रेमध्ये ठेवली आणि उरलेले निळे कागद गोळा करून कचऱ्यात टाकले.

"आता पगार किती ठरलाय?"

"तेहेतीस. मालकांनी सही केली आहे."

"आणि पोरीचा?"

"सव्वीस."

धाकटीने मान हलवली, पुढचा साचा ओढून घेतला आणि सुरी पुसली. वर न बघता म्हणाली, "दोन्ही पत्रं कागदावर द्या, बाई. तोंडी नको."

काकांनी खाली बघून यंत्र पुन्हा सुरू केलं. अकरा वर्षांपूर्वी, पहिल्या दिवशी, 'बाई' म्हणायला फूटपट्टीनेच धाकटीला शिकवलं होतं.

"देते," फूटपट्टी म्हणाली आणि पत्रं टाइप करायला आत गेली.